डायनॅस्टीज ऑफ इंडिया : नाइटविना खेळायची तयारी असेल तरच

एज ऑफ एम्पायर्स २ डेफिनिटिव्ह एडिशन या युद्ध-रणनीतीच्या संगणक गेमसाठी २८ एप्रिल २०२२ ला आलेल्या या एक्स्पान्शनमधल्या चारही संस्कृतींच्या तबेल्यात नाइट, म्हणजे चिलखती घोडेस्वार, नाही. बंगाली, द्रविड, गुर्जर या नव्या तीन आणि जुन्या ‘इंडियन्स’मधून उरलेले हिंदुस्तानी, कुणालाच नाही. पॅक घ्यावा की नाही हे ठरवताना नव्या मोहिमा, नवी चित्रं यांच्या आधी हा मुद्दा बघावा. या गेममध्ये वर्षानुवर्षं मुरलेल्या खेळाडूचा हात कॅसल एजला (डार्क, फ्युडल, कॅसल, इम्पिरियल या चार युगांतल्या तिसऱ्याला) पोचला की आपोआप तबेल्याकडे जातो. ६० अन्न, ७५ सोनं, एक नाइट. १०० हिट पॉइंट, १० हल्ला, दोन्ही प्रकारचं चिलखत २. बाणांतून धावत जायचं, व्हिलेजर, म्हणजे समोरच्याची कामकरी माणसं, कापायचे, परत यायचं. तो हात इथे रिकामा येतो. त्या रिकाम्या जागी चार संस्कृतींनी चार वेगळी उत्तरं बसवली आहेत, आणि पॅकची खरी मजा, तसाच खरा ताप, त्या उत्तरांत आहे.

आधी विकत घेण्याचा गोंधळ मिटवू. हा पॅक स्वतंत्र चालत नाही, मूळ डेफिनिटिव्ह एडिशन हवीच. हिंदुस्तानी मात्र पॅक न घेणाऱ्यालाही मिळतात, कारण २०१३ च्या द फॉरगॉटनमधून आलेल्या इंडियन्सचंच ते नवं रूप आहे. पैसे मोजायचे ते बंगाली, द्रविड, गुर्जर आणि तीन मोहिमांसाठी. ऑनलाइन समोरचा गुर्जर घेऊन आला आणि तुमच्याकडे पॅक नसला, तरी सामना होतो, फक्त तुम्हाला त्या संस्कृती निवडता येत नाहीत. आधीच्या लॉर्ड्स ऑफ द वेस्ट आणि डॉन ऑफ द ड्यूक्स या दोन पॅकमध्ये प्रत्येकी दोनच नव्या संस्कृती होत्या, इथे तीन आहेत. नुसती मोजदाद केली तरी सौदा वाईट नाही.

आकड्यांबद्दल एक सूचना. या गेमला पॅच येतच असतात आणि सवलतींचे टक्के वरखाली होतात. खाली दिलेल्या गोष्टींचा गाभा तोच राहतो, पण नेमका आकडा हवा असेल तेव्हा गेममधल्या टेक्नॉलॉजी ट्रीवर कर्सर ठेवून बघा. जुन्या व्हिडिओतला बिल्ड ऑर्डर (काय कधी बांधायचं तो क्रम) डोळे झाकून उतरवू नका.

हिंदुस्तानी : उंट म्हणजे नाइट नव्हे

सुरुवात यांच्यापासून करावी, कारण चौघांत हेच सर्वांत सोपे. व्हिलेजर स्वस्त मिळतात आणि प्रत्येक युगात आणखी स्वस्त होत जातात. सुरुवातीच्या २०० अन्नात इतरांचे ५० दराने बरोबर चार व्हिलेजर रांगेला लागतात, यांचे चार लावून थोडं अन्न उरतं. हे उरलेलं अन्न किरकोळ वाटतं, पण पहिल्या दोन मिनिटांत मेंढ्या उशिरा सापडल्या तर टाउन सेंटर, म्हणजे व्हिलेजर जिथून निघतात ती इमारत, रिकामं पडत नाही ते याच्यामुळेच. कॅसल एजनंतर फायदा आणखी ठळक होतो. एका टाउन सेंटरला २७५ लाकूड आणि १०० दगड लागतात, म्हणजे सुरुवातीच्या २०० दगडांत खाण न उघडता आणखी दोन उभी राहतात. तीन टाउन सेंटरमधून सतत व्हिलेजर काढताना बाकीच्यांचं अन्न आटतं. हिंदुस्तानींचं त्या मानाने टिकतं, म्हणून शेतं थोडी कमी असली तरी चालतं आणि तेवढी माणसं लाकडावर लावता येतात.

आता चूक कुठे होते ते. नाइट नाही म्हणून खेळाडू उंट काढतो आणि त्याला नाइटसारखाच वापरतो. साध्या उंटस्वाराचे हिट पॉइंट १००, पण हल्ला फक्त ६ आणि चिलखत शून्य. घोडदळाविरुद्ध त्याला ९ चा जादा मार आहे, पायदळ, धनुर्धर किंवा व्हिलेजर यांच्याविरुद्ध नाही. म्हणजे समोर नाइट असतील तर तो त्यांना भारी पडतो. समोर क्रॉसबोवाले धनुर्धर असतील तर बाणांनी चाळण होते. आणि व्हिलेजर मारायला पाठवला तर एकेकावर इतका वेळ घालवतो की तेवढ्यात बाकीचे टाउन सेंटरात शिरून घंटा वाजवत बसतात. हिंदुस्तानींचे उंट इतरांपेक्षा जलद वार करतात, त्याने तूट थोडी भरते, पण पुरती नाही.

क्रॉसबोला उत्तर आहे गुलाम. किल्ल्यातून निघणारं हे पायदळ चपळ आहे, बाणांना दाद देत नाही आणि त्याचा वार समोरच्याला भेदून मागच्यालाही लागतो. त्यामुळे धनुर्धरांचा दाट घोळका त्याला मानवतो. एकामागे एक उभे असतील असा कोन साधून, म्हणजे रांगेच्या टोकाकडून, त्यांना आत घुसवा. आडव्या पसरलेल्या रांगेवर समोरून सोडलेत तर भेदणाऱ्या वाराचा उपयोग जवळजवळ शून्य. नाइट किंवा तगडं तलवारबाज पायदळ समोर आलं की गुलाम मागे घ्या, ते त्याचं काम नाही.

किल्ल्याला ६५० दगड लागतात, म्हणजे इथे खरी निवड करायची वेळ येते. सुरुवातीचे २०० दगड टाउन सेंटरांवर घातलेत तर किल्ला उशिरा, आणि किल्ला उशिरा म्हणजे गुलाम उशिरा. समोरचा फ्युडलपासूनच धनुर्धर जमवतोय असं दिसलं तर एकाच जादा टाउन सेंटरवर थांबा आणि चार-पाच व्हिलेजर दगडावर लावा. मधल्या काळात स्कर्मिशर, म्हणजे धनुर्धरांवर भाला फेकणारे स्वस्त सैनिक, चालवून न्यायचे.

इम्पिरियलमध्ये ही संस्कृती खुलते. इम्पिरियल कॅमल रायडर हा दर्जा फक्त यांना. बंदूकधाऱ्यांना जादा चिलखत मिळतं आणि शतघ्नी संशोधनाने हातबंदूकवाल्यांचा पल्ला वाढतो. पायदळावर बंदुका, घोडदळावर उंट, धनुर्धरांवर गुलाम अशी तिहेरी फळी झाली की समोरच्याला सोपं उत्तर राहत नाही. अडचण एकच, या तिन्हींना सोनं लागतं. ग्रँड ट्रंक रोडने सोन्याची आवक दहा टक्क्यांनी वाढते ती त्यासाठीच, आणि सांघिक सामन्यात कारवाँसराय बांधली की व्यापारी गाड्यांचा वेग वाढतो, जखमाही भरतात. एकास एक सामन्यात सोनं संपलं की हे सैन्य पटकन विरतं. तेव्हा उरतात हुसार (हलके घोडेस्वार) आणि भालेकरी.

गुर्जर : गिरणीत मेंढ्या

पॅकमधली सर्वांत चर्चेतली आणि सर्वांत चुकीची खेळली जाणारी संस्कृती. हिची ओळख म्हणजे मेंढ्या, गाई वगैरे पाळीव जनावरं गिरणीत कोंडली की ती जिवंत राहून हळूहळू अन्न देत राहतात. एका गिरणीत दहा मावतात. शिवाय टाउन सेंटरजवळ बेरीची दोन जादा झुडपं मिळतात, प्रत्येकी १२५ धरली तर २५० अन्न.

नवखा खेळाडू काय करतो, तर पहिल्या मिनिटापासून दिसेल ती मेंढी गिरणीत टाकतो. गिरणीचा झरा बारीक असतो. एक मेंढी कापली तर १०० अन्न लगेच हातात येतं, कोंडली तर तेवढं यायला बराच वेळ जातो. मधल्या काळात बेरी आणि रानडुकरं यांवर सगळा भार पडतो, डुक्कर आणायला एक मिनिट उशीर झाला की अन्न संपतं, टाउन सेंटर थांबतं, आणि पुढच्या पंधरा मिनिटांत मिळणारा फायदा पहिल्या पाचात गमावून बसतो. क्रम असा ठेवा. टाउन सेंटरजवळच्या दोन झुडपांवर पहिली माणसं. १०० लाकूड झालं की मोठ्या बेरीपाशी गिरणी. मग मेंढ्या तिथे कोंडायला सुरुवात, पण दोनेक मेंढ्या टाउन सेंटरजवळ मोकळ्या राखा, डुक्कर चुकलं तर कापायला. पहिलं डुक्कर नेहमीपेक्षा थोडं आधीच ओढा, त्यात ३४० अन्न असतं आणि या डावाचा पाया तेच आहे. दुसऱ्याच्या मेंढ्या पळवण्याची किंमत इथे दुप्पट होते, म्हणून सुरुवातीचा स्काउट नुसता नकाशा उघडत फिरवण्यापेक्षा मेंढ्यांच्या मागे लावा.

गिरणीचं ठिकाणही विचार करून निवडा. ती पडली की आतली जनावरं बाहेर येतात आणि ज्याने पाडली तोच ती हाकून नेतो. दहा मेंढ्यांची गिरणी जंगलाच्या कडेला बांधून वाऱ्यावर सोडणं म्हणजे तिजोरी अंगणात ठेवण्यासारखं आहे. टाउन सेंटरच्या बाणांच्या टप्प्यात ठेवता आली तर उत्तम. नाहीतर तीन बाजूंनी घरं लावून झाका.

नाइटच्या जागी यांच्याकडे दोन गोष्टी आहेत. फ्युडलमध्येच कॅमल स्काउट मिळतो, जो कॅसल एजला पोचताच आपोआप पूर्ण उंटस्वार होतो. समोरचा फ्युडलमध्ये स्काउट घोडदळ घेऊन येतोय हे कळलं की दोन-तीन कॅमल स्काउट त्याचा हल्ला तिथेच संपवतात. पण त्यांना सोनं लागतं, आणि फ्युडलमध्ये सोन्यावर माणसं लावणं म्हणजे कॅसल एज लांबणीवर. म्हणून धाडीसाठी ते काढू नका, फक्त प्रत्युत्तरासाठी.

दुसरा, आणि खरा बदली खेळाडू, श्रीवंश स्वार. ७० अन्न, २० सोनं. तबेल्यातूनच मिळतो, किल्ला लागत नाही. त्याची खुबी म्हणजे येणारे काही बाण तो चुकवतो. ही क्षमता वापरली की संपते आणि काही क्षणांत पुन्हा भरते. यातूनच तो कसा वापरायचा ते कळतं. टाउन सेंटरच्या बाणांखालून आत शिरायचं, व्हिलेजरांवर काही वार करायचे, क्षमता संपली की टप्प्याबाहेर यायचं, भरली की पुन्हा आत. आत शिरून तिथेच लढत राहिलात तर तो साधा, तकलादू घोडेस्वार उरतो. तलवारी आणि भाल्यांच्या वारांपासून ही क्षमता वाचवत नाही, भालेकरी दिसले की निघा. क्षत्रिय संशोधन झालं की सगळं लष्कर २५ टक्के कमी अन्नात मिळतं. ८० अन्नाचं हलकं घोडदळ ६० ला. ज्याला गिरण्यांतून फुकट अन्न येतंय त्याच्यासाठी याचा अर्थ असा की सोनं संपल्यावरही दमछाक समोरच्याची होते.

गुर्जरांच्या स्वारांना जो वाढीव माराचा फायदा आहे तो नीट समजून घ्या. तो टक्का युगागणिक वाढतो, पण लागू होतो फक्त जादा मारावर, मूळ हल्ल्यावर नाही. उंटाच्या घोडदळाविरुद्धच्या ९ वर तो बसतो, त्याच्या ६ वर नाही. व्हिलेजर किंवा तलवारबाजासमोर या फायद्याची किंमत शून्य. गुर्जर उंट नाइटांना ज्या सहजतेने कापतात ते पाहून त्यांना सगळीकडे पाठवणारे पायदळासमोर फसतात, त्याचं कारण हेच. पायदळासाठी किल्ल्यातला चक्र फेकणारा योद्धा आहे. त्याचं चक्र लांबून येतं, पण लागतं तलवारीसारखं, म्हणजे बाणांविरुद्धचं चिलखत तिथे कामाला येत नाही. पल्ला मात्र तोकडा आहे, क्रॉसबोसमोर उभा करू नका.

बंगाली : हत्ती सांभाळता येत असतील तर

बंगाली संथ आहेत. हा दोष म्हणून नव्हे, सूचना म्हणून सांगतोय. पुढच्या युगात पाऊल ठेवताच प्रत्येक टाउन सेंटरमधून दोन व्हिलेजर फुकट निघतात. फ्युडलला दोन, कॅसलला दोन, आणि तीन टाउन सेंटर उभी असताना इम्पिरियलला गेलात तर एकदम सहा. त्यामुळे इम्पिरियलचं बटण दाबण्याआधी तिसरं टाउन सेंटर पूर्ण करून घ्या, अर्धवट बांधकाम मोजलं जात नाही. आणि त्या क्षणी घरांत जागा मोकळी ठेवा. सहा जण एकदम आले की लोकसंख्येची मर्यादा गाठली जाते आणि रांगेतलं पुढचं सगळं अडकतं. महायान संशोधनाने व्हिलेजर आणि मंक (शत्रूचं एकक वश करून आपल्या बाजूला वळवणारे साधू) दहा टक्के कमी जागा घेतात. १२० व्हिलेजर असतील तर ते १०८ चीच जागा अडवतात, म्हणजे २०० च्या मर्यादेत बारा जणांचं सैन्य जास्त. हे उशिराच घ्या, आधी त्याचा काही उपयोग नाही.

रथ हे यांचं किल्ल्यातलं खास एकक, आणि बटण दाबून ते बाण मारणाऱ्या रूपातून तलवारीच्या रूपात बदलतं. कागदावर हे नाइट आणि घोडेस्वार धनुर्धर एकातच मिळाल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात अडतं ते लोहारशाळेत. बाणांचा मार वाढवणारी संशोधनं वेगळी, तलवारीची वेगळी. दोन्ही घेत बसलात तर रथ काढायला सोनं उरत नाही. एक बाजू निवडा. बाणांची संशोधनं आधी घेऊन रथ धनुर्धर म्हणूनच चालवा, आणि स्कर्मिशर अंगावर आले किंवा वेढ्याची यंत्रं उघडी सापडली तेवढ्यापुरतंच रूप बदला. यांच्या घोडदळाला स्कर्मिशरविरुद्ध जादा मार दिलाय तो अशा वेळी कामाला येतो. बदलाचं बटण हॉटकीवर हाताशी येईल असं लावून घ्या, लढाईत माउसने शोधायला वेळ मिळत नाही.

हत्तींवर बसणारा जादा मार यांच्याकडे पाव भागाने घटतो आणि मंकला ते सहजी वश होत नाहीत. हे मोठं आहे, कारण हत्तींची दोन मरणं ठरलेली, भालेकरी आणि मंक. पण पाव भाग म्हणजे पाव भागच. समोर पाइकमन (वरच्या दर्जाचे भालेकरी) घनदाट असतील तर बंगाली हत्तीही पडतात, थोडे उशिरा पडतात इतकंच. हत्तींबरोबर पायदळ कापणारं काहीतरी हवंच. हत्तीवरचे धनुर्धर, जे पूर्वी इंडियन्सचे खास होते आणि आता तिरंदाजीच्या मैदानातच मिळतात, ते मागून भालेकरी टिपतात आणि पाइक्स संशोधनाने हत्ती आणि रथ सगळेच २० टक्के वेगाने वार करतात. हत्तींची चाल मात्र संथच राहते. हत्ती जागाही जास्त अडवतात, अरुंद फटीत एक थांबला की मागचे सगळे खोळंबतात. स्वतःच्या तटबंदीला दोन दरवाजे ठेवा.

मंकना दोन्ही प्रकारचं चिलखत ३ जादा मिळतं आणि जहाजं मिनिटाला १५ हिट पॉइंट स्वतःहून भरून काढतात. दुसऱ्या गोष्टीचा फायदा घेणारे फार कमी. पाण्याच्या नकाशावर अर्धमेली जहाजं दुरुस्तीसाठी गोदीकडे न आणता मागे, शत्रूच्या टप्प्याबाहेर उभी ठेवा. दोन-तीन मिनिटांनी तीच पुन्हा आघाडीवर. व्हिलेजर दुरुस्तीत अडकत नाहीत आणि लाकूडही वाचतं.

द्रविड : तबेला विसरा

सर्वांत अवघड. तबेला जवळजवळ नावापुरता, उंट नाहीत, घोडदळाची वाढ अर्ध्यावर खुंटलेली. धाड घालून पळता येत नाही आणि आलेल्या धाडीचा पाठलागही करता येत नाही. खुल्या मैदानाच्या नकाशावर, चांगल्या घोडदळवाल्यासमोर, द्रविड घेणं म्हणजे हौस. बंद नकाशावर किंवा पाण्यावर मात्र चित्र पालटतं.

प्रत्येक युगात पोचताच २०० लाकूड मिळतं. हे आधीच खर्चात धरून चाला. फ्युडलला पोचताच १७५ लाकडाचं तिरंदाजीचं मैदान किंवा १५० ची लोहारशाळा त्यातून निघते, त्यामुळे फ्युडलच्या वाटेवर असताना लाकडावरचे दोन जण आधीच अन्नाकडे वळवले तरी चालतात. कॅसलला तेच २०० लाकूड म्हणजे बरोबर एक वेढ्याची कार्यशाळा. हा योग जुळतो आहे तर वापरा, कारण वेढ्याच्या यंत्रांना यांना ३३ टक्के कमी लाकूड लागतं. १६० लाकडाची मँगोनेल (दगड फेकणारं यंत्र) १०७ च्या आसपास पडते, ७५ ची स्कॉर्पियन (मोठे बाण सोडणारं यंत्र) ५० ला. सोनं मात्र तेवढंच लागतं हे विसरू नका. बराकीतली संशोधनं निम्म्या किमतीत आहेत, त्यामुळे भालेकऱ्यांचे पाइकमन करणं इथे सर्वांत स्वस्त, आणि नाइट नसलेल्या माणसाला नाइटपासून वाचायचं तर पहिलं काम तेच. मधे मँगोनेल, समोर पाइकमन, बाजूला जलद मारणारे स्कर्मिशर. दिसायला कंटाळवाणी, पण कॅसल एजमध्ये द्रविडांची चालणारी फळी हीच. स्कर्मिशरला सोनं लागत नाही, फक्त २५ अन्न आणि ३५ लाकूड, म्हणजे सगळं सोनं यंत्रांना.

ऊर्मी तलवारबाजाबद्दल बराच गैरसमज आहे. त्याचा पहिला वार साठवलेला असतो, तो आजूबाजूच्या सगळ्यांना लागतो, मग पुन्हा साठायला वेळ जातो. म्हणून एकट्यादुकट्या शत्रूवर पहिला वार वाया घालवू नका. दाट घोळक्यात घुसवा, वार करा, शक्य असेल तर मागे ओढून पुन्हा भरू द्या. भिंत फोडायला पाठवले तर त्यांचं सगळं वैशिष्ट्य मातीत.

वूट्झ स्टील संशोधन झालं की पायदळ आणि घोडदळाचा वार शत्रूचं चिलखत धरतच नाही. ट्युटन संस्कृतीच्या एलिट ट्युटॉनिक नाइट या पायदळाचं जवळच्या लढाईतलं १० चं चिलखत, ज्यापुढे बाकीच्यांच्या तलवारी बोथट होतात, ते असून नसल्यासारखं. उलट समोर चिलखतच नसलेलं सैन्य असेल, हलके घोडेस्वार किंवा धनुर्धर, तर या संशोधनाचा काही उपयोग नाही. किल्ल्यात बटण दिसतंय म्हणून दाबू नका, समोर काय आहे ते बघून दाबा. हत्तीवरच्या धनुर्धरांनाही ते लागू होत नाही. त्यांच्यासाठी मेडिकल कॉर्प्स आहे, ज्याने हत्तींच्या जखमा आपोआप भरत राहतात. त्यांचा बाण मारण्याचा वेगही २५ टक्के जास्त आहे. आठ-दहा हत्ती जमले की तटबंदीआडून ते हटता हटत नाहीत.

गोदीमुळे पाच जणांची जादा सोय होते, हा सहकाऱ्यांनाही मिळणारा फायदा. जमिनीवरच्या नकाशावर तो निरर्थक आहे, कारण २५ लाकडाचं घर तेच काम करतं आणि गोदीला १५० लागतात. पाण्यावर मात्र गोदी बांधायचीच असते, तेव्हा घरांचं लाकूड वाचतं. इम्पिरियलमध्ये तिरिसडै हे मोठं युद्धजहाज येतं. एकेकटं सोडू नका, लहान जलद जहाजांच्या गराड्यात ते महाग पडतं.

चिलखती हत्ती हा या संस्कृतींचा समाईक विषय. मेंढा, म्हणजे दरवाजे फोडणारं लाकडी यंत्र, यांच्याकडे नाही, त्या जागी हा हत्ती आहे. बाणांना तो मेंढ्यासारखाच पुरून उरतो. पण मेंढ्याला भालेकऱ्याचं भय नसतं, याला असतं. मेंढ्याला वश करायला मंककडे आधी वेगळं संशोधन लागतं, याला सरळ वश करता येतं. मेंढ्याच्या पोटात पायदळ बसवून नेता येतं, याच्या नाही. म्हणजे मेंढे पुढे काढून बाकी सैन्य दुसरीकडे लढवायची सवय इथे महागात जाते. हत्तींसोबत मंक मारणारं हलकं घोडदळ आणि भालेकरी मारणारं काहीतरी, दोन्ही हवं.

मोहिमा आणि इतिहास

तीन मोहिमा, प्रत्येकी पाच प्रसंग. बाबर, राजेंद्र चोळ आणि पाल घराण्यातला देवपाल. बाबराची सर्वांत चांगली बांधलेली आहे, कारण कथेतच चढउतार आहे. फरगणा, हातातून निसटणारं समरकंद, काबूल आणि मग हिंदुस्तान. १५२६ चं पानिपत आणि १५२७ चं खानवा या दोन लढायांत तोफखान्याचं जे महत्त्व होतं ते हिंदुस्तानींच्या बंदुकांच्या फायद्यातही दिसतं. राजेंद्रची मोहीम जमीन आणि समुद्र दोन्हींवर हिंडवते. १०२५ च्या सुमाराची श्रीविजयावरची चोळ आरमाराची स्वारी मध्ययुगीन भारतीय इतिहासातली विरळा घटना आहे, आणि द्रविडांना आरमारी संस्कृती का केलंय ते इथे पटतं. पाण्याचे प्रसंग खेळताना गोदी आणि मासेमारी लवकर सुरू करा, मच्छीमार इथे जास्त वजन आणतात. देवपाल नवव्या शतकातला. त्याच्या नालंदा ताम्रपटात सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेवाने बांधवलेल्या विहाराला गावं दिल्याचा उल्लेख आहे. असा राजा मोहिमेसाठी निवडला हेच कौतुकाचं. पण बंगाली हत्तींच्या संथपणामुळे ही मोहीम रेंगाळते, घाई असणाऱ्याने शेवटी खेळावी. पृथ्वीराजाची जुनी मोहीम आता गुर्जरांच्या खात्यात गेली आहे आणि ते जास्त योग्यही आहे.

तक्रारी दोन. पॅक आला तेव्हा चारही संस्कृतींना एकाच छापाची वास्तुशैली दिली होती. तंजावरचं द्रविड गोपुर आणि दिल्लीची कमान यांत फरक करायला यांना जमलं नाही, की करावासा वाटला नाही, देव जाणे. नगर पाहून ते कुणाचं हे ओळखता येत नव्हतं, खेळाडूच्या रंगावरूनच कळायचं.

दुसरी तक्रार दख्खनची. गुर्जर-प्रतिहार आहेत, पाल आहेत, आणि कनौजसाठी त्यांच्याशी शतकभर झुंजलेले राष्ट्रकूट मात्र नाहीत. त्रिपक्षीय संघर्षातला एक पक्षच गायब. बदामीचे आणि कल्याणीचे चालुक्य, देवगिरीचे यादव, १३४७ पासूनचे बहमनी, या सगळ्यांना नकाशावर स्वतःचं घर नाही. सिनारिओ एडिटरमध्ये यादवांचा प्रसंग रचायचा असेल तर द्रविड निवडू नका, तबेला हाताशी राहणार नाही आणि देवगिरीची फौज पायी फिरेल. गुर्जर घ्या, त्यांचे उंट एडिटरमधून बंद करा, हलकं घोडदळ आणि हत्तीवरचे धनुर्धर चालू ठेवा आणि गिरणीजवळ सुरुवातीच्या मेंढ्या नेहमीपेक्षा कमी टाका, नाहीतर फुकटच्या अन्नावर यादव खिलजींना वेशीपर्यंतही येऊ देणार नाहीत. राष्ट्रकूटांसाठीही हीच सोय चालते, फक्त प्रतिहारही गुर्जरच असल्यामुळे दोन्ही बाजूंना तीच एककं येतात, तेव्हा एका बाजूचे श्रीवंश स्वार बंद ठेवावे लागतात.